परवाची होडी

खूप जुन्या काळची गोष्ट. इतक्या जुन्या काळची, की त्या वेळच्या राजाचं नाव आज कुणाला सांगता येणार नाही. पण त्याच्या राज्याच्या पार टोकाला, समुद्रकाठी एक गाव होतं, आणि त्या गावातल्या एका होडीची हकिगत मात्र अजून सांगितली जाते. लहानांनी ती ऐकावी आणि थोरांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

गावासमोर समुद्रात एक बेट होतं. बेटावर मोजकी घरं, माडांची राई, थोडीशी शेती. तिथं पिकायचं ते वर्षभर पुरत नसे. म्हणून गावातून तांदूळ, मीठ, तेल घेऊन एक मोठी होडी बेटावर जायची आणि तिकडून नारळ आणि सुंभ घेऊन परत यायची. पावसाळ्यात मात्र समुद्र खवळलेला असे. तेवढे महिने बेट एकटं पडायचं. श्रावणातल्या पौर्णिमेला गावकरी समुद्राला नारळ वाहत, आणि त्यानंतरची पहिली चांगली भरती पाहून मोठी होडी पाण्यात उतरवत. तोवर बेटावरच्या धान्याच्या कणग्यांचा तळ दिसू लागलेला असे.

ही होडी होती गोमाजी नाखव्याची. धिप्पाड, कमी बोलणारा, हाताला घट्टे पडलेला माणूस. त्याच्या होडीत बसलं की म्हातारी माणसंही निर्धास्त डुलक्या काढत, असा त्याचा लौकिक होता.

पण गेल्या हंगामाच्या शेवटच्या फेरीत एक गोष्ट घडली होती. बेटाहून परत येताना अवेळी वादळ उठलं. लाटांच्या माऱ्यात होडीच्या दोन फळ्यांमधला सांधा सुटला आणि पाणी आत येऊ लागलं. गोमाजीचा सोबती हरबा वाकून पाणी उपसत होता, तोच एक लाट आली आणि तो बाहेर फेकला गेला. गोमाजीने त्याचा हात पकडला. हात ओला होता. तो सुटला.

दुसऱ्या एका खलाशाने हरब्याला दोर टाकून वर ओढलं, होडी किनाऱ्याला लागली, कुणी दगावलं नाही. हरबा तर दुसऱ्याच दिवशी हसत हसत सगळ्यांना सांगत फिरला, "समुद्राला मी काही रुचलो नाही, थुंकून टाकलं मला!" गाव ती गोष्ट विसरून गेलं. गोमाजी विसरला नाही. पावसाळाभर घरात बसल्या बसल्या त्याला आपल्या मुठीतून सुटणारा तो हात जाणवत राहिला.

आणि काळजीला आणखी एक कारण होतं. त्याची एकुलती एक मुलगी शेवंती बेटावर दिली होती. तिला दिवस गेले होते. पौर्णिमेनंतर पहिल्या होडीने तिला माहेरी आणायचं, पहिलं बाळंतपण आईजवळ करायचं, असं दोन्ही घरांचं ठरलं होतं. शेवंतीची आई आनशी, तिने तर डिंक, सुंठ, जुनी मऊ लुगडी सगळं काढून ठेवलं होतं.

म्हणजे या वर्षी त्या होडीत शेवंती बसणार होती. ओझं जपत, अवघडलेली. गोमाजी डोळे मिटायचा आणि त्याला दिसायचं की लाट आली आहे, आणि या खेपेस सुटलेला हात हरब्याचा नाही.

पाऊस ओसरताच त्याने होडीवरचे झावळ्यांचे झाप काढले आणि कामाला हात घातला. तळाला चिकटलेले शिंपले खरवडून काढले. दोन फळ्या कुजल्या होत्या, त्या काढून नव्या बसवल्या. सुटलेला सांधा मोकळा करून त्यात तेलात भिजवलेला कापूस ठोकला, वर राळ लावली. मग एका सांध्यापुरतं न थांबता त्याने सगळेच सांधे नव्याने भरले. बाहेरून तेलाचे हात दिले. शीड शिवलं, दोर बदलले. हरबा बरोबर होता, गावचा म्हातारा सुतार रावळूही येऊन बसायचा.

पौर्णिमेच्या आधीच काम उरकलं. रावळूने होडीभोवती एक फेरी मारली, जागोजागी बोटांनी टकटक केलं, आणि म्हणाला, "झाली रे गोमाजी तुझी होडी. आता तिला हात लावू नकोस."

"रावळूकाका, त्या पुढच्या टोकाला, नाळेजवळच्या सांध्यात अजून थोडा कापूस बसेल असं वाटतं."

"बसेल. पण बसवू नकोस. लाकूड पाण्यात गेलं की पाणी पितं, फुगतं. फुगायला त्याला जागा लागते. आज बारीक फट दिसते ना, ती पाण्यात गेल्यावर आपोआप मिटते. पहिला दिवस होडी थोडं पाणी घेणारच. ते उपसायचं आणि तिला निवू द्यायचं."

गोमाजीने मान हलवली. पण 'होडी थोडं पाणी घेणारच' हे शब्द त्याच्या छातीत जाऊन रुतले.

पौर्णिमा आली. वाजतगाजत समुद्राला नारळ वाहिला. दुसऱ्या दिवशी मासे धरणाऱ्यांच्या लहान होड्या एकामागून एक पाण्यात गेल्या. किनाऱ्यावर उरली ती एकटी मोठी होडी.

"नाखवा, भरती छान आहे. ढकलायची का?" हरब्याने विचारलं.

"आज नको. सुकाणूची खीळ जरा ढिली वाटते. परवा काढू."

खीळ ढिली नव्हती. तरी गोमाजीने ती बदलली. मग परवाचा दिवस आला, आणि गोमाजीला आकाशात एक ढग दिसला.

"परवा," तो म्हणाला.

गावात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. इतका जाणता नाखवा, म्हणतोय तर काहीतरी असेल. बेटासाठीचं धान्य पोत्यात भरून देवळाच्या पडवीत रचून ठेवलं होतं. लोक त्याच्याकडे बघत आणि म्हणत, "परवा निघतेय म्हणे होडी." गोमाजीने एकदाच 'यंदा मला जमायचं नाही' म्हटलं असतं, तर त्यांनी दुसरी काही तजवीज केली असती. पण तो नाही म्हणत नव्हता. तो परवा म्हणत होता.

आता भाद्रपदाचं ऊन पडू लागलं होतं. रोज सकाळी गोमाजी होडीपाशी जायचा, गुडघे टेकून एकेक सांधा डोळ्यांजवळ नेऊन बघायचा. आणि खरंच, रोज त्याला कुठे ना कुठे नवी फट सापडायची. काल नव्हती ती आज असायची. 'बघ,' तो स्वतःला सांगायचा, 'काल निघालो असतो तर काय झालं असतं?'

फटी पडत होत्या, कारण होडी उन्हात वाळत होती. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीत आपल्या भीतीचाच पुरावा दिसतो.

दुपारी गाव जेवून आडवं झालं, की गोमाजी कापूस आणि ठोकणी घेऊन एकटाच किनाऱ्यावर जायचा. रावळूला दिसू नये म्हणून होडीच्या समुद्राकडच्या बाजूला बसायचा. फटीत कापूस घालायचा आणि ठोकायचा. आणखी घालायचा, आणखी ठोकायचा. सांधा दगडासारखा घट्ट लागला की त्याला थोडा वेळ बरं वाटायचं. घरी पोचेपर्यंत ते बरं वाटणं विरून गेलेलं असायचं.

एके दिवशी आनशीने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि ती तिथेच बसून राहिली.

"अहो, पोरीचे दिवस भरत आले. आणायची कधी?"

"तिच्यासाठीच तर करतोय सगळं. होडी पक्की नको का व्हायला?"

"रावळूकाका तर म्हणतात, होडी केव्हाचीच झाली."

"त्यांना काय जातं म्हणायला! हात माझ्या हातातून सुटला होता, आनशे. त्यांच्या नाही."

हरब्याचा हात सुटला हे आनशीला ठाऊक होतं. तो अजून सुटतोच आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. तिने नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला, पण त्याला समजावायचं कसं हे तिला उमजेना. ती म्हणाली एवढंच, "तिकडे ती आपल्या वाटेकडे डोळे लावून बसली असेल."

"परवा नक्की," गोमाजी म्हणाला, आणि त्याचा घास तोंडातच फिरत राहिला.

तो परवाचा दिवसही उजाडला आणि मावळला. त्याच्या पुढच्या सकाळी बेटाच्या टेकडीवरून धूर निघाला.

ओला पाला जाळून असा धूर करण्याची बेटाची जुनी रीत होती. तो गंमत म्हणून कधीच केला जात नसे. जाडसर, पांढरा धूर सरळ वर चढत होता. सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. सगळे फक्त गोमाजीकडे बघत होते.

गोमाजी म्हणाला, "ढकला."

ओंडक्यांना तेल लावलं, माणसांनी खांदे दिले, आणि होडी घसरत पाण्यात गेली. रीतीप्रमाणे ती किनाऱ्याजवळ नांगरून ठेवली, लाकडाला पाणी पिऊ द्यायला. उद्याच्या भरतीला धान्य भरायचं आणि निघायचं. गोमाजी आत बसून राहिला. तळाशी पाण्याचा थेंब नव्हता! एकही सांधा पाझरत नव्हता. कितीतरी महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटलं.

"बघ हरब्या," तो म्हणाला, "एक थेंब नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो होडीवर चढतच होता, तेव्हा आतून आवाज आला. वाळलेला बांबू उकलावा तसा. मग दुसरा. फळ्या रात्रभर पाणी प्यायल्या होत्या, फुगल्या होत्या, आणि फुगायला त्यांना तसूभर जागा उरली नव्हती. ठासलेला कापूस मागे हटेना. मग फळ्याच एकमेकींना रेटू लागल्या. गोमाजीच्या डोळ्यांदेखत खिळे होडीच्या फासळ्यांतून उपसले गेले, एक लांब फळी धनुष्यासारखी बाहेर वाकली, आणि समुद्र आत शिरला.

गोमाजीने दोन्ही हातांनी ती फळी आत दाबून धरली. हरबा ओरडत होता, "नाखवा, सोडा! बाहेर या!" तो सोडेना. शेवटी हरब्यानेच त्याला कमरेला धरून ओढलं. होडी त्यांच्यासमोर उथळ पाण्यात एका कुशीवर टेकली.

ओहोटी लागल्यावर रावळू आला. त्याने एका सांध्यातून कापूस उपटून काढला. तो निघता निघेना, इतका ठासलेला होता. म्हाताऱ्याला सगळं कळलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं गोमाजीला वाटलं.

"एवढं ठोकलंस तिला?" रावळू हळू आवाजात म्हणाला. "ती तरणारी होती रे. दुरुस्तीला आता पंधरवडा तरी जाईल."

टेकडीवर धूर चालूच होता.

तेव्हा गोमाजी चालत हरब्याच्या घरी गेला. हरब्याची मासे धरायची लहानशी होडी होती. जुनी, दोन ठिकाणी पाझरणारी. बेटाच्या वाटेवर पाण्याला मोठी ओढ होती आणि असल्या होडीने तिकडे कुणी जात नसे. गोमाजीने हंगामाचे सगळे दिवस ज्या धोक्यापासून पळण्यात घालवले होते, तोच धोका आता तिप्पट होऊन त्याच्यासमोर उभा होता.

"हरबा, तुझी होडी दे. मी जातो."

"एकटे कसे जाल? वल्ही मारणार कोण आणि पाणी उपसणार कोण?" हरबा उठलाच. "चला."

आनशीही डिंक-सुंठेचं गाठोडं घेऊन होडीत येऊन बसली. गोमाजी तिला 'नको' म्हणणार होता. तिच्याकडे बघून त्याने तोंड मिटलं. जेवढी पोती मावली तेवढी घेतली. फार नाही मावली.

भरती-ओहोटीच्या मधल्या संथ वेळी ते निघाले. होडी पहिल्यापासूनच पाणी घेत होती. आनशी भांड्याने उपसत होती, पुन्हा पाणी येत होतं, पुन्हा उपसत होती. ओढीत शिरल्यावर होडी आडवी फिरली, तेव्हा गोमाजीने वल्ह्यावर सगळा भार टाकला. भीती जराही कमी झाली नव्हती. फक्त आता तिच्याकडे बघत बसायला वेळ नव्हता. एका लाटेने एक पोतं गेलं. ते गेलं तसं जाऊ दिलं.

उन्हं कलताना बेट जवळ आलं. दोर धरायला गोमाजीचा जावई कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

गोमाजीच्या हातातलं वल्हं थांबलं. 'घरातलं कोण गेलं?' एवढंच त्याच्या मनात आलं. आनशीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं आणि पाणी घोट्यापर्यंत चढलं.

"आई," जावई म्हणाला. "माझी आई गेली. काल."

क्षणभर गोमाजीला हायसं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी, आपल्याला हायसं वाटलं याची त्याला इतकी लाज वाटली, की त्याला मान वर करता येईना.

शेवंती घरात होती. बाळंत झाली होती. कुशीत मुलगी होती, बोटाएवढी बारीक, पण ऊं ऊं करत जीव धरून. आनशीने धावत जाऊन दोघींना जवळ घेतलं. गोमाजी उंबऱ्यातच उभा राहिला. घरातली रिकामी कणगी आडवी करून ठेवलेली होती. हिवाळ्यात पेरायला राखलेले वालही बेटाने शिजवून खाल्ले होते.

"सासूबाई आपलं जेवण माझ्या ताटात वाढायच्या," शेवंती सांगू लागली. तिचा आवाज दमलेला होता. "मी नको म्हटलं की म्हणायच्या, खा गं, उद्या-परवा तुझ्या बाबांची होडी येईल, मग मी पोटभर जेवेन. रोज तेच म्हणायच्या. मग ताप आला, आणि अंगात काही उरलंच नव्हतं त्यांच्या."

गोमाजी खाली बसला. "पोरी, मी तुझ्यासाठीच थांबलो गं. तुला घेऊन येताना पाण्याचा थेंब आत येऊ नये म्हणून."

शेवंती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. "बाबा," ती म्हणाली, "होडीत पाणी आलं असतं, तर मी तुमच्यासोबत उपसलं असतं."

गोमाजी उठला. बेटावर ज्याच्या त्याच्या घरी जाऊन त्याने स्वतःच्या हातांनी धान्य पोचवलं. जावयासमोर हात जोडले. जावयाने ते हात खाली केले, पण पुढे कितीतरी दिवस तो त्याच्याशी बोलला नाही. काही गोष्टी माफ झाल्या तरी भरून येत नाहीत.

हरब्याच्या त्या गळक्या होडीतून गोमाजी फेऱ्या मारत राहिला, मोठी होडी पुन्हा उभी राहीपर्यंत. दर फेरीला त्याला भीती वाटायची. दर फेरीला तो निघायचा.

पुढच्या वर्षी पाऊस ओसरल्यावर त्याने पुन्हा झाप काढले. शिंपले खरवडले, सांधे भरले, तेल लावलं. काम करताना त्याचं मन तसंच होतं, पूर्वीसारखंच घाबरट. नाळेजवळचा सांधा त्याला या वर्षीही कच्चा वाटला. हात ठोकणीकडे गेला.

मग त्याने ठोकणी उचलली आणि रावळूच्या हातात दिली.

"काका, ही तुमच्याकडे ठेवा. आणि होडी झाली की नाही, ते तुम्ही आणि हरब्याने सांगायचं. मला विचारू नका. मला विचाराल तर ती कधीच व्हायची नाही."

रावळूने होडीभोवती फेरी मारली. टकटक करून पाहिलं. हरब्याने वाकून तळ पाहिला. दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली.

"झाली," हरबा म्हणाला.

गोमाजीचा चेहरा पांढरा पडला होता. तरी त्याने सगळ्यांच्या आधी होडीला खांदा लावला.

म्हणून सांगतो मंडळी, काळजीने तयारी जरूर करावी. पण तयारी पुरी झाली की नाही, हे काळजीला विचारू नये.